तिसऱ्या बाकावरचा कवडसा

(आपल्या १९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना वेळेअभावी राहून गेलेले एकदोन मुद्दे इथे घातले आहेत.)



संयोजकांचा मला फोन आला तेव्हा विषयही त्यांनीच ठरवून ठेवला होता. "तू सॉफ्टवेअरमधली, तू एआयवर बोल." मी हो म्हटलं, आणि आठवड्यानं परत फोन करून नाही म्हटलं. एआयवर हल्ली सगळेच बोलतात, आमच्या घरी सासूबाईसुद्धा बोलतात. मी आज खिडक्यांवर बोलणार आहे. हसू नका. संध्याकाळी याच मांडवात शाळेच्या नव्या इमारतीचा नकाशा मांडला जाणार आहे, आपण वर्गणीचे आकडे सांगणार आहोत, आणि त्या नकाशातल्या खिडक्यांबद्दल मला काही म्हणायचं आहे. त्याआधी एका चुकीची कबुलीही द्यायची आहे. चूक माझी आहे, आणि ती याच शाळेत केलेली आहे.

आठवी 'ब' चा वर्ग आठवतो ना? जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं आणि त्यात तीन काचेची कौलं. त्यातल्या एकाचा कवडसा दुपारी सरकत सरकत तिसऱ्या बाकापाशी आला, की सुट्टीची घंटा व्हायला दोन-चार मिनिटं उरलेली असायची. आपण डबे आधीच काढून मांडीवर घ्यायचो. भूगोलाच्या सरांच्या हे लक्षात आलं. ते रागावले नाहीत. त्यांनी दर महिन्याच्या एक तारखेला दुपारी बरोबर दीड वाजता शहाबादी फरशीवर कवडशाभोवती खडूनं खूण करायला लावली. झाडणाऱ्या मावशींना सांगून त्या खुणा जपल्या. जानेवारीपासून त्या खुणा एकेक पाऊल दक्षिणेकडे जायला लागल्या. सूर्य उत्तरेला सरकतो म्हणून कवडसा दक्षिणेला. उत्तरायण मला पुस्तकातून कधीच कळलं नसतं, ते त्या फरशीवर कळलं.

आणखी एक गोष्ट, जी तेव्हा कळली नव्हती. आपल्या जुन्या इमारतीत प्रत्येक वर्गात फळ्याकडे तोंड करून बसलं की मैदानाकडच्या खिडक्या डाव्या हाताला येतात. एकाही वर्गात उजव्या हाताला नाहीत. मला वाटायचं, योगायोग असेल. मोठेपणी वाचलं की हा शाळा बांधण्याचा जुना नियमच आहे. उजव्या हातानं लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर त्याच्याच हाताची सावली पडू नये म्हणून उजेड डावीकडून घ्यायचा. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शाळा बांधणाऱ्यांनी तो कसोशीनं पाळला. आपल्या शाळेच्या त्या वेळच्या मंडळींना तो कुठून कळला, कोण जाणे, पण त्यांनी तो पाळला. माझी बाकावरची जोडीदारीण डावखुरी होती. ती नेहमी वही तिरकी करून, अर्धी माझ्या अंगावर रेलून लिहायची. मी तिला वर्षभर ढकललं. तिच्या अक्षरावर तिच्याच हाताची सावली पडत होती, हे मला तिशी उलटल्यावर कळलं. ती आज इथे आहे. बाई गं, माफ कर.

आणि पावसाळा. जुलैत मळभ दाटून आलं, वीज गेली, की गणिताच्या बाई काही न बोलता खुर्ची उचलून पडवीत नेऊन ठेवायच्या. आपण वह्या घेऊन मागोमाग. पागोळ्यांचे शिंतोडे वहीवर उडायचे, शाई फुटायची, पण अक्षर दिसायचं. बाईंनी उजेडावरचे कुठलेही प्रबंध वाचलेले नसावेत. मुलांना दिसत नाही, एवढंच त्यांना दिसत होतं.

आता पुण्याची गोष्ट. इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, आणि पुढे एका इमारतीत मी सलग सात वर्षं बसले. बाहेरून सगळी काच. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, आतली माणसं उन्हातच न्हात असतील. आत मजला इतका खोल, की माझ्या जागेपासून सगळ्यात जवळची खिडकी पंधरा-सोळा मीटरवर होती. खिडकीजवळ बसणाऱ्यांच्या मॉनिटरवर ऊन यायचं, म्हणून त्यांनी पडदे पाडलेले. एकदा पाडलेला पडदा ऑफिसात कोणी वर करत नाही, ढग आले तरी. म्हणजे बाहेर लखलखीत ऊन आणि आत दिवसभर दिवे. एसीचा गारवा, वेळ कुठली ते कळायचं नाही. दुपारी तीनला डोळे मिटायचे, संध्याकाळी कपाळ ठणकायचं आणि रात्री एक वाजेपर्यंत झोप यायची नाही. थायरॉइड तपासला, बी बारा तपासलं. मुख्य म्हणजे मी स्वतःलाच आळशी ठरवून टाकलं होतं.

एका सहकाऱ्यानं झाडांसाठी लक्समीटर आणला होता. लक्समीटर म्हणजे हातात मावेल एवढं यंत्र, त्याला एक पांढरी गोल टोपी असते. तिच्यावर उजेड पडला की आकडा दिसतो. मी तो गंमत म्हणून घेतला आणि माझ्या टेबलावर ठेवला. १८० लक्स. डोळ्यांच्या उंचीवर, समोरच्या दिशेनं धरला, तर ९५. मग खाली पार्किंगमध्ये उन्हात गेले. आकडा एक लाखावर. मला वाटलं, मीटर बिघडला. मीटर ठीक होता. भर दुपारचं ऊन लाखाच्या आसपास असतंच. पूर्ण मळभ असलेल्या दिवशीसुद्धा उघड्यावर हजारांत आकडे येतात. पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सही नसतो, आणि त्या चांदण्यातही आपण वाट शोधतो.

मला तेव्हा जे कळलं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. डोळा फार सोशिक अवयव आहे. उजेड शंभरपट कमी झाला तरी तो जुळवून घेतो आणि आपल्याला "जरा कमी आहे" एवढंच वाटतं. त्यामुळे खोलीत उजेड पुरेसा आहे का, हे नुसत्या नजरेला विचारून उपयोग नाही. ती "आहे की" म्हणते. मोजावंच लागतं.

याच कंपनीनं मला एका हिवाळ्यात स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोला पाठवलं. डिसेंबरात तिथे पावणेनऊच्या सुमारास सूर्य उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. आपली मंडळी मला आधीच घाबरवून होती, "तिकडे डिप्रेशन येतं हं." येतंही. हिवाळ्यातल्या या उदासीचं वर्णन १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं, आणि त्यावर तेजस्वी दिव्याचा उपचार करून पाहिला. आज साधारणपणे १०,००० लक्सच्या दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसायला सांगतात. पण तिथे मी वेगळंच पाहिलं. त्या लोकांना उजेडाची टंचाई आहे हे माहीत होतं. दुपारी बारा वाजता, बोचऱ्या थंडीत, सगळं ऑफिस कोट चढवून बाहेर फेरी मारायला जायचं. खिडकीजवळच्या जागेसाठी चढाओढ असायची. आम्ही पुण्यात, वर्षातले आठ महिने डोक्यावर लाखभर लक्स ओतत असताना, पडदे पाडून १८० लक्समध्ये बसतो आणि त्याला काही नाव देत नाही.

शरीरात याचं काय होतं, ते थोडक्यात सांगते. डोळ्याच्या पडद्यावर शंकूच्या आणि दंडाच्या आकाराच्या पेशी असतात, असं आपण शाळेत शिकलो. जीवशास्त्राच्या बाईंनी आकृती काढायला लावली होती, मला त्यात दहापैकी चार मिळाले होते. तेव्हा ते दोनच प्रकार माहीत होते. आपण दहावी झाल्यानंतर, २००२ मध्ये, अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या डेव्हिड बर्सन यांच्या गटानं उंदरांच्या जातीच्या प्राण्यांत दाखवून दिलं, की पडद्यातल्या काही चेतापेशी स्वतःच उजेड टिपतात. माणसातही त्या आहेत. त्यांचं मुख्य काम चित्र पाहण्याचं नाही. दिवस आहे की रात्र, हे त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. त्यांना निळसर उजेड जास्त कळतो, म्हणजे उघड्या आभाळाचा. पूर्ण अंध असलेल्या काही माणसांच्या शरीरालाही उजेडाची वेळ कळते, हे कोडं आधी पडलेलं होतं. त्याचं उत्तर या पेशींत मिळालं.

मेंदूतलं ते घड्याळ बहुतेकांचं चोवीस तासांपेक्षा किंचित मागे पडणारं असतं. ते रोज जुळवावं लागतं आणि सकाळचा उजेड ते जुळवतो. दिवसा अंधुक खोलीत आणि रात्री मोबाइल-दिव्यांच्या झगमगाटात राहिलं, की घड्याळाला दिवस आणि रात्र यांतला फरकच नीट कळत नाही. मग झोपेचं संप्रेरक, मेलाटोनिन, उशिरा सुटतं. रात्री एक वाजता टक्क जागी असणारी मी आळशी नव्हते, माझं घड्याळ भरकटलं होतं. सगळं खापर उजेडावर फोडणार नाही, डेडलाइनही होत्या. पण सकाळी अर्धा तास टेकडीवर जायला लागल्यावर तीन आठवड्यांत झोप साडेदहाला यायला लागली, हेही खरं.

इथे कोकणातल्या माणसांसाठी एक जादा माहिती. आपलं प्रमाण घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि आपण बसतो त्र्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, हे भूगोलाच्या सरांनी घोकून घेतलं होतं. म्हणजे आपला सूर्य घड्याळापेक्षा सदतीस-अडतीस मिनिटं मागे चालतो. मुंबईनं याच कारणानं स्वतःचा वेगळा 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत चालवला होता, तो प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटं मागे. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. सातच्या शाळेला निघालेलं पोर शरीराच्या हिशेबानं रात्रीच निघालेलं असतं. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तेव्हा रिक्षावाल्या काकांपासून नोकरदार आयांपर्यंत सगळे वैतागले. मीही तेव्हा वैतागले होते. आता वाटतं, निर्णय बरोबर होता.

मग माझ्या मुलीची पाळी आली. चौथीत चष्मा, सहावीत उणे साडेतीन. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून पहिला प्रश्न विचारला, "ही बाहेर किती वेळ असते?" मी म्हटलं, गाडीतून शाळेत, गाडीतून क्लासला. त्या म्हणाल्या, मोबाइल कमी करा हे तर आहेच, पण हिला रोज दोन तास उघड्यावर सोडा. मला ते आजीचं औषध वाटलं. घरी येऊन वाचायला बसले. चीनमध्ये ग्वांगझू शहरातल्या बारा प्राथमिक शाळांत पहिलीतल्या मुलांवर तीन वर्षं प्रयोग झाला होता, २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा एक जादा तास बाहेर, मैदानावर. बाकीच्या शाळा नेहमीसारख्या. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांतल्या ३९.५ टक्के मुलांना नव्यानं जवळची दृष्टी, म्हणजे उणे नंबर, लागला होता. बाहेर जाणाऱ्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना. तैवाननं २०१० पासून मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढण्याची मोहीम देशभर घेतली आणि तिथल्या प्राथमिक शाळांतलं अधू दृष्टीचं वाढतं प्रमाण पुढच्या काही वर्षांत उलट फिरलं. कारण काय, याचं सध्याचं मुख्य उत्तर असं, की तेजस्वी उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन सुटतं आणि ते बुबुळामागचा गोळा लांबट होण्याला आवर घालतं. एकदा लांब झालेला गोळा पुन्हा आखूड होत नाही. त्यामुळे माझ्या मुलीचा नंबर उतरलेला नाही. वाढण्याचा वेग मंदावला आहे, डॉक्टर तेवढ्यावर समाधानी आहेत, मग मीही.

यातली गंमत म्हणजे हा प्रश्न नवा नाही. आज पोलंडमध्ये असलेल्या आणि तेव्हा जर्मनांच्या असलेल्या ब्रेस्लाऊ शहरात हेर्मान कोन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं १८६०च्या दशकात १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासले. वरच्या वर्गात जावं तसं उणे नंबराचं प्रमाण वाढतं, असं त्याला आढळलं. त्यानं बाकांना आणि अंधाऱ्या वर्गांना दोष दिला. पुढे बरीच वर्षं डॉक्टर मंडळींनी, हे सगळं आनुवंशिक असतं, म्हणून तो मुद्दा बाजूला ठेवला. दीडशे वर्षांनी उजेड परत आला.

आता आपल्यातले जे चिकित्सक आहेत, विशेषतः मागच्या रांगेतले दोघे डॉक्टर आणि एक वकील, त्यांच्यासाठी. खिडक्या मोठ्या केल्या की मार्क वाढतात, असं मी म्हणणार नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास आला. कॅलिफोर्नियातल्या कॅपिस्ट्रानो इथल्या शाळांत सर्वाधिक नैसर्गिक उजेडाच्या वर्गातली मुलं वर्षभरात गणितात २० टक्के आणि वाचनात २६ टक्के अधिक वेगानं पुढे गेली, असं त्यात म्हटलं होतं. वास्तुविशारदांनी तो आकडा जगभर नाचवला. त्याच मंडळींनी २००३ मध्ये फ्रेस्नो इथे पुन्हा अभ्यास केला, तेव्हा तसा सरळ संबंध सापडला नाही. उलट डोळ्यांवर येणारी तिरीप आणि सरळ आत येणारं ऊन मुलांना मागे खेचतं, आणि खिडकीतून बाहेरचं चांगलं दिसणं मदत करतं, असं दिसलं. आधीचा निष्कर्ष गाजत असताना त्यांनी हे लपवलं नाही, म्हणून मला त्यांचा आदर वाटतो. त्याहून जुनी गोष्ट शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याची. १९२४ पासून तिथे दिवे कमी-जास्त करून कामगारांचं काम मोजलं. उजेड वाढवला तरी काम वाढलं, कमी केला तरी वाढलं. आपल्याकडे कोणी लक्ष देतंय, याचाच परिणाम होता म्हणतात. तेव्हा उजेडाचे चमत्कार विकायला येणाऱ्यांपासून सावध राहा. 'मूड लायटिंग' वगैरे. माझं म्हणणं साधं आहे. मुलाला वहीवरचं आणि फळ्यावरचं दिसलं पाहिजे, त्याच्या डोळ्यांना दिवसाचा दिवस कळला पाहिजे आणि फळा चमकता कामा नये.

आणि आता ती कबुली.

२०१९ मध्ये आपल्या तुकडीनं शाळेला डिजिटल वर्ग दिला. पैसे सगळ्यांचे होते, पण यादी माझी होती. प्रोजेक्टर कुठला, पडदा किती फुटी, स्पीकर किती, सगळं मी पुण्यात बसून ठरवलं. प्रोजेक्टर लावल्यावर मुख्याध्यापकांचा फोन आला, "ताई, पडद्यावर दिवसा काही दिसत नाही." मी विचारही न करता म्हटलं, "खिडक्या बंद करून टाका ना, प्लायवूड मारा." वर काचेची कौलं होती. त्यांवरून मीच सांगून छत टाकून घेतलं. उद्घाटनाचे फोटो आपल्या ग्रुपवर आहेत, मी मध्यभागी हसते आहे.

या जानेवारीत नव्या इमारतीच्या कामासाठी शाळेत आले होते. पर्समध्ये लक्समीटर होता, हल्ली असतोच. त्या खोलीत गेले. प्रोजेक्टर दोन वर्षांपासून बंद. दिवा गेला, नवा आणायला पैसे नव्हते आणि कुणी आम्हाला कळवलंही नाही, संकोचानं असेल. खोल्या कमी, म्हणून तिथे सातवीचा वर्ग रोज भरतो. चार ट्यूबपैकी दोन चालू, त्यातली एक फडफडणारी. खिडक्यांवर माझं प्लायवूड जसंच्या तसं. मागच्या बाकावर मीटर ठेवला. ३८ लक्स. भारतीय मानकात वर्गासाठी ३०० च्या आसपास सांगितलेले आहेत, निदान २०० तरी. त्याच क्षणी दाराबाहेर पडवीत २,६००.

मागच्या बाकावर एक मुलगी होती. वही नाकाला लागेल एवढी जवळ घेऊन लिहीत होती. मी विचारलं, "अंधार वाटतो का गं इथे?" ती म्हणाली, "नाही बाई." तिला खरंच वाटत नव्हतं. डोळ्यांनी जुळवून घेतलं होतं. पहिलीपासून काहीही न मागता जुळवून घ्यायची सवय असलेली मुलं ही. पाच-साडेपाच वर्षं, प्रत्येक वर्षी एक तुकडी, त्या खोलीत बसली. आपल्या देणगीमुळे, आणि माझ्या एका फोनमुळे.

शिपाईमामांकडून स्क्रूड्रायव्हर मागितला. दोन खिडक्यांचं प्लायवूड आम्ही तिथेच काढलं. आत कुंभारणीनं मातीची घरं केलेली, धूळ इतकी की वर्ग पाच मिनिटं बाहेर काढावा लागला. मागच्या बाकावर पुन्हा मीटर ठेवला. २४०. खर्च शून्य रुपये. मुलं परत आली, आपापल्या जागी बसली आणि पहिल्यांदा सगळ्यांनी मैदानाकडे बघितलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आता हे तासभर बाहेरच बघणार." बघू देत की, म्हटलं. आपणही बघायचो.

तर आता नवा नकाशा. आपल्यातल्याच स्थापत्यवाल्या मित्रानं तो फुकट काढून दिला आहे, त्यासाठी त्यानं किती रविवार घातले हे मला माहीत आहे. त्याच्याशी मी आधीच बोलले आहे, त्यामुळे हे पाठीमागून बोलणं नाही. तीन मजले, मध्ये बोळ आणि दोन्ही बाजूंना वर्ग. जागा वाचते, बांधकाम स्वस्त पडतं. पण प्रत्येक वर्गाला उजेड एकाच बाजूनं. असा उजेड खोलीत खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीचपट आत पोचतो. नकाशात खिडकीची वरची कड सात फुटांवर आहे, म्हणजे उजेड चौदा ते सतरा फूट. वर्ग बावीस फूट खोल. बोळाकडच्या रांगेत बसणारी पोरं सात वर्षं अंधुकात बसणार. तीच खिडकी नऊ फुटांपर्यंत उंच नेली तर फरक पडतो. बोळाच्या भिंतीला वरच्या बाजूला झरोके ठेवले तर आणखी पडतो. वरच्या मजल्यावर तर छतातून उजेड घेता येईल, आपल्या काचेच्या कौलासारखा. तपासायची युक्ती सोपी आहे. बाकावर बसून मान न वाकवता खिडकीतून आभाळाचा तुकडा दिसला, तर त्या बाकावर आभाळाचा उजेड येतो. दिसला नाही तर नाही.

निळी काच नको. सगळं गाव लावतं म्हणून आपणही लावायची गरज नाही. ती पावसाळ्यात उजेड अडवते, जेव्हा आपल्याला तो सगळ्यात जास्त हवा असतो. पश्चिमेच्या उन्हासाठी आणि झडीसाठी छज्जा खोल घ्या आणि छज्जाची वरची बाजू पांढरी रंगवा, तिच्यावरून उजेड उसळून छताला लागतो. छत पांढरं, आणि भिंतीला कमरेपर्यंत तो चॉकलेटी ऑइलपेंट कृपा करून नको. डाग दिसत नाहीत हे खरं, पण तो उजेड पिऊन टाकतो. फळ्याशेजारच्या भिंतीत खिडकी नको, फळा चमकतो. आठवीत उजव्या कोपऱ्यातून "बाई, दिसत नाही" म्हणून ओरडणारे कोण होते, ते समोरच बसले आहेत.

दिव्यांचं म्हणाल तर ते लागणारच, जुलै आहे. पण बटणं खिडकीला समांतर रांगेनं द्या, म्हणजे भिंतीकडची रांग लावता येईल आणि खिडकीकडची बंद ठेवता येईल. स्वस्तातले एलईडी घेताना एक करा, मोबाइलचा स्लो मोशन लावून दिव्याचं चित्रण करा. पट्टे लपकताना दिसले तर घेऊ नका. जुन्या चोकच्या ट्यूब सेकंदाला शंभरदा लपकायच्या, डोळ्याला ते दिसत नाही पण मेंदूला पोचतं. इंग्लंडमध्ये १९८९ मध्ये एका ऑफिसात तसले चोक बदलून न लपकणारे लावले, तर डोकेदुखी आणि डोळ्यांवरचा ताण निम्म्याहून कमी झाला होता. आणि प्रोजेक्टरऐवजी पॅनेल घ्यायचं असेल तर घ्या, त्याला अंधार लागत नाही. पडदे लावायचे तर ते वर होणारे लावा आणि ते वर करायचं काम मुलांमधल्या कुणाला तरी नेमून द्या.

यामुळे खर्च थोडा वाढेल. किती, ते मित्र संध्याकाळी सांगेल. त्यातला माझा वाटा मी लिहून दिला आहे. तो देणगीत धरू नका, दुरुस्तीच्या खात्यात धरा.

उद्या सकाळी नऊ वाजता मी, तो आणि ज्यांना यायचं आहे ते, नव्या जागेवर चार बाक मांडून बसणार आहोत. सर, आपल्याला जमलं तर आपणही या, उत्तर-दक्षिण नक्की करायला आपण हवेत. लक्समीटर मी यानंतर शाळेतच ठेवून जाणार आहे, विज्ञानाच्या कपाटात. त्याला नऊ व्होल्टचा चौकोनी सेल लागतो, वर्षातून एकदा बदलायचा. दोन जादा सेल पाकिटात घातलेत.